विमान टेकेपर्यंत

कशेळे,
१९ जानेवारी, दुपार

चि. जगदीश,

पुढे अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. आज माझ्या हातून ते उतरत नाहीत, तेव्हा तुझे तू समजून घे.

तू आत पलंगावर घोरतोयस आणि मी ओटीवर बसून तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. तोंडाने बोलायला गेले तर माझा आवाज चढणार, आणि आई भिंतीपलीकडेच बसलीय. फोनवर लिहिलं तर तू वाचून पुसून टाकशील आणि मला अंगठा पाठवशील. हा कागद तुझ्या बॅगेत पासपोर्टच्या कप्प्यात घालणार आहे. पासपोर्ट तरी तू जिवापाड सांभाळतोस.

काल तू मला बघितलंस, पण त्याच्या आधी या घरात काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते आधी वाच.

शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन आला, "आई, निघतोय गं. सोमवारी दुपारपर्यंत घरी." आईने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "माझा भात टाकू नको. विमान टेकेपर्यंत मी जेवनार नाय." तिची ही रीत तुला माहीत आहे. कुठल्या पोथीत नाही, गावात दुसऱ्या कुठल्या घरात नाही, तू पहिल्यांदा ऑकलंडला गेलास तेव्हा तिची तिनेच काढलेली. पोरगं अधांतरी असताना आईच्या घशाखाली घास उतरू नये, एवढंच. पाणी आणि कोरा चहा. आणि ऑकलंडहून मुंबईला यायला अडीच दिवस लागतात हे तिला कुणी सांगितलं? तूच. मध्ये विमान बदलावं लागतं, तिथे बसवून ठेवतात, पाय सुजतात, असं सगळं रंगवून. मीही मानलं. मी कधी विमानात बसलेय? आरोहीच्या शाळेच्या नकाशात न्यूझीलंड अगदी खालच्या कोपऱ्यात, म्हटलं लागत असतील.

पूर्वी ठीक होतं. आता तिला साखर आहे. वर्ष झालं गोळ्या चालू होऊन, आणि गोळी मात्र ती नेमाने घेते, कारण गोळी म्हणजे काही अन्न नव्हे!

काल सकाळी ती वालाच्या शेंगा निवडत बसली होती. मी मागच्या दारी पोपटीची मडकी धूत होते. आरोही किंचाळली, "मम्मी, आजी बघ!" मी धावत आले तर आई सुपावर कलंडलेली. घामाने चिंब, हात थरथरतायत, डोळे उघडे पण कुणाला ओळखत नाही. मी मूठभर साखर तिच्या तोंडात कोंबायला गेले तर तिने दात आवळून घेतले. अर्धवट शुद्धीत काय म्हणाली सांगू? "नको गं. पोरगं वर हाय माझं." मी आणि आरोहीने जबडा धरून साखरेचं पाणी आत ओतलं. माझ्या आईचा जबडा मी जनावराला काढा पाजतात तसा धरला.

ह्यांनी टेंपो काढला, बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं. सलाइन लावलं. डॉक्टरने मला चारचौघांत झापलं, "साखरेच्या माणसाला गोळी देऊन उपाशी ठेवता? पुढच्या वेळी माझ्यापर्यंत पोचायच्या नाहीत त्या." मी मान खाली घालून ऐकलं. बाहेर येऊन तुला फोन लावला. बंद. म्हटलं, विमानात असेल बिचारा. बिचारा म्हणाले मी तुला, जगदीश! थुंकावंसं वाटतंय त्या शब्दावर.

संध्याकाळी पोपटीची ऑर्डर होती. जायचं मन नव्हतं, पण शब्द दिलेला. आरोहीला आजीपाशी बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. मुरबाड रस्त्याला तो निळ्या फाटकाचा फार्महाऊस, पोशा तिथे राखणीला असतो. शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला ठासून मडकी भरली होती. ती उपडी घातली, वर पेंढा रचला, जाळ केला. मी धुरात वाकलेली. मागून हसण्याचा आवाज आला आणि माझ्या हातातली काठी गळाली. असं खिंकाळून हसणारा माणूस आपल्या घराण्यात एकच, आणि तो त्या वेळी कुठल्यातरी समुद्रावर लटकत असायला हवा होता.

अर्धी चड्डी, हातात ग्लास, पाय पोहायच्या टाकीत. तू मला बघितलंस. मी तुला बघितलं. आणि तू मान वळवलीस.

तरी मी म्हणते, घाबरला असेल. पण तुझ्या त्या टकल्या मित्राने हाक मारली, "मावशी, शेंगा एक नंबर! अजून एक मडकं फोडा ना." तर तूही म्हणालास, "हो, आणा." आणा! लहानपणी माझ्या कडेवर बसून माझेच केस ओढणारा तू, मला 'आणा' म्हणालास. मी आणलं. मडकं फोडलं, पानावर ओतलं, तुझ्यापुढे शेंगा वाढल्या, आणि तू त्या सोलून खाल्ल्यास.

नंतर टेंपोपाशी आलास, हळू आवाजात. "ताई, अगं आदल्या दिवशीचं तिकीट मिळालं. दोन दिवस जरा मोकळे मिळावेत म्हणून… आईला बोलू नको हां." तोंडाला दारूचा वास आणि भांबुर्डीचा वास. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुझे मित्र ऐकतील याची तुला जेवढी भीती होती, तेवढीच मलाही होती. असली लाज वाटली मला तुझी.

आज दुपारी मग स्वारी आली. बॅगेला विमानतळाची पट्टी लोंबतेय, केस विस्कटलेले, गाडीतून उतरताना कमरेवर हात. वा रे नाटक! "अंग आंबलं गं आई." आणि आई, जिच्या हाताला कालची सलाइनची चिकटपट्टी तशीच होती, ती तेल कोमट करून तुझ्या तळव्यांना चोळत बसली. तू विचारलंस, "हाताला काय झालं?" ती म्हणाली, "काय नाय रं, चटका बसला." एवढ्यावर तुझं समाधान झालं. डोळे मिटून घेतलेस आणि दुसरा पाय पुढे केलास.

आता काय करायचं ते ऐक. तू एकतीस तारखेला परत निघणार. त्या दिवशी ती पुन्हा जेवण सोडणार, आणि डॉक्टर काय म्हणाला ते वर लिहिलंय. तेव्हा त्याच्या आत तू तुझ्या तोंडाने तिला सांगायचंस की विमान किती वेळात पोचतं. खरं किती ते. मी सांगितलं तर ती म्हणेल, तुझं त्याच्यावर पहिल्यापासून वाकडंच हाय. तिचं ते म्हणणं खोटं नाही, पण आता तो विषय नाही.

सुरेखा


कशेळे,
२५ जानेवारी

जगदीश,

तू सासुरवाडीला मोहोपाड्याला गेलास तो गेलासच. हे रसायनीला मडकी आणायला येतायत, त्यांच्याबरोबर पत्र देतेय. सासऱ्यांसमोर फोडू नकोस. त्या कॉलनीत तू 'फॉरेनचे जावईबापू' आहेस, ते तुझं ध्यान तसंच राहू दे.

माझं पत्र वाचल्याचं तुझ्या मेसेजवरून कळलं. तो मेसेज मी आरोहीकडून दोनदा वाचून घेतला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. तू लिहितोस, "ताई, आईला खरं सांगितलं तर तिला धक्का बसेल. त्यापेक्षा मी सांगतो की आता नवीन फास्ट विमान सुरू झालंय, एका दिवसात पोचतं. म्हणजे तिचा उपासही कमी होईल आणि कुणाला वाईटही वाटणार नाही."

किती हुशार रे तू! एक खोटं सडलं म्हणून त्यावर दुसरं झाकण. आई पडली, तिच्या तोंडात साखरेचं पाणी ओतावं लागलं, याच्यावर तुझं एक अक्षर नाही. 'आता बरी आहे ना?' एवढंही नाही. नवीन विमान काढलंस लगेच.

मी आरोहीला म्हटलं, बघ गं तुझ्या मोबाइलमध्ये, मुंबई ते ऑकलंड. तिने दोन मिनिटांत काढलं. अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. मी म्हटलं, बघ, लांब आहे की. तर म्हणाली, "मम्मी, अंतर सोड, वेळ बघ. सिंगापूरला विमान बदलायचं धरूनसुद्धा एक दिवस होत नाही. मामा तिकडून सकाळी बसला तर त्याच रात्री मुंबईत." तिने मला घड्याळाचा फरकही समजावला. तो मला नीट कळला नाही, पण माणूस सकाळचा निघून रात्री आपल्या मुलखात उतरतो एवढं कळलं. कर्जतहून लग्नाला नागपूरकडे जाऊन यायलाही आम्हाला याहून जास्त लागतं.

म्हणजे बाकीचा वेळ तू दर खेपेला कुठेतरी लोळत होतास. दर खेपेला. ती कोरा चहा पिऊन दारात बसायची. वरून विमान गेलं की डोळ्यांवर हात धरून बघायची आणि शेजारच्या येसूकाकूला सांगायची, "आमच्या जगदीशचं नसंल हे, त्याला अजून येळ हाय." आणि तू असायचास टाकीत पाय सोडून.

मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस, "तुला कळणार नाही ताई. घरी पाऊल टाकलं की सगळे अंगावर येतात. हा येतो, तो येतो, आई ताटावरून उठू देत नाही. मला दोन दिवस फक्त माझे हवे असतात." कळतं रे. न कळायला काय झालं? मलाही दोन दिवस फक्त माझे हवे असतात, मला ते लग्न झाल्यापासून मिळालेले नाहीत. पण हे तू तिला सांगितलं असतंस, "आई, मी आलोय, दोन दिवस मित्रांकडे राहतो, मग घरी येतो," तर तिने चार शिव्या हासडल्या असत्या, आणि संध्याकाळी पोटभर जेवून झोपली असती. तुला तेवढ्या चार शिव्यासुद्धा नको होत्या. याची मला शिसारी येते. तू दारू प्यायलास, मित्रांत बसलास, त्याचं मला काही नाही.

आता एक लिहिते, ते तू कुणाला दाखवू नकोस. आरोहीच्या वेळी मी दोन दिवस अडले होते. कर्जतच्या दवाखान्यात आई आली, माझ्या उशाशी बसली, आणि दोन्ही दिवस बाहेर जाऊन वडापाव खाऊन आली. "मला भूक धरवत नाय बाय," म्हणाली. मी तेव्हा हसले होते. तू परदेशी गेलास आणि तिला अचानक भूक धरवायला लागली. माझ्यासाठी कधी कुणी एका वेळचं जेवण सोडलं नाही. तुझ्यासाठी सोडतात, आणि तू त्याची अशी माती करतोस.

असो. शुक्रवारी घरी ये. शनिवारी निघायच्या आधी तिच्याजवळ बस आणि सांग. नवीन विमान नको, जुनंच विमान, खरा वेळ. मी दारात उभी असणार.

सुरेखा

ता. क. आईने सूनबाईसाठी, सुरभीसाठी, कडवे वाल भरून ठेवलेत. तिकडे बियाणं-धान्य नेऊ देत नाहीत म्हणून सांगितलं मी तिला. ती म्हणाली, "जगदीश नेतो कसंतरी." बघ तुझ्यावर केवढा भरवसा.


कशेळे,
३ फेब्रुवारी

जगदीश,

हे पत्र आता खरंच लांब जायचंय. पोस्टातला माणूस म्हणाला, पोचायला वेळ लागेल. लागू दे. पत्राला लागतो तेवढा वेळ खराच असतो.

शनिवारी काय झालं त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. तू आईजवळ बसलास. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. तू म्हणालास, "आई, या वेळेस उपास करू नको. डॉक्टर नको म्हणालेत." मी म्हटलं, आलं, आता येतंय. आईने विचारलं, "इमान कवा टेकतंय?" तू माझ्याकडे बघितलंस. मग चपलेकडे बघितलंस. आणि म्हणालास, "सोमवारी संध्याकाळी."

"मंग तवर," आई म्हणाली. तू तिच्या पाया पडलास आणि गाडीत बसलास. काच वर केलीस, एवढ्या थंडीत एसी लावलास. माझ्याकडे बघितलं नाहीस ते बरंच केलंस, माझ्या तोंडात थुंकी जमली होती.

आता उरलेलं अर्धं.

चार वाजता पोशाचा फोन आला. "वयनी, त्या दिवशीचीच पार्टी परत आलीय. तीन मडकी घेऊन या." हे नको म्हणत होते. मी आईजवळ गेले. ती भिंतीला टेकून जपमाळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, "आई, जेव. त्याचं विमान अजून जमिनीवर आहे."

"म्हंजी?"

मी सांगितलं. सगळं. विमानाला लागणारा वेळ, तू घरी यायच्या आदला रविवार, आजची ऑर्डर. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, नाही नाही अशी. मग म्हणाली ते मला आधीच ठाऊक होतं. "तुझं त्याच्यावर पयल्यापासून वाकडं. लेकराला बदनाम करतेस? लाज धर जरा!"

मी चिडले. खोटं कशाला सांगू, माझा तोल गेला. मी म्हटलं, "ऊठ. टेंपोत बस. खोटी निघाले तर माझ्या थोबाडीत मार." ती उठली. तणतणत उठली, थोबाडीत मारायच्याच तयारीने. पदर खोचला, स्वेटर घातलं, पुढे ह्यांच्या शेजारी बसली. मी मागे मडक्यांत.

फाटक पोशाने उघडलं. आम्ही मडकी उतरवत होतो, दिवस नुकताच मावळला होता. आई टेंपोतून उतरली नाही. तिथून टाकी दिसते, तू जिथे बसला होतास ती खुर्चीही दिसते. तू लाल टी-शर्टात होतास. तोच, जो सकाळी आईने घडी करून तुझ्या बॅगेत ठेवला होता, "तिकडं उतरल्यावर घाल रं" म्हणून. तू मित्राच्या पाठीवर थाप मारून हसलास. मी काचेतून आईच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, रडेल, ओरडेल, उतरून तुझ्या कानाखाली लावेल. मला ते हवंही होतं.

तिने काही केलं नाही. बराच वेळ बघितलं. मग ह्यांना म्हणाली, "जावईबापू, चला. पोपटी पोशा लावंल. माझ्यानं बसवत नाय."

ह्यांनी पोशाला सगळं नीट सांगितलं आणि आम्ही निघालो. कशेळ्याच्या नाक्यावर आईने विचारलं, "मडकी परत आनायची रायली. पोशा ठेवंल ना नीट?" मी म्हटलं, ठेवेल. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, जपमाळ खुंटीला लावली, पाटावर बसली आणि म्हणाली, "वाढ."

मी वाढलं. आधी ती भाताकडे बघत राहिली. हात जाईना. आरोही म्हणाली, "आजी, खा ना," तर तिच्यावर खेकसली. मग खाल्लं. मी समोर बसून होते. मला वाटलं होतं, त्या क्षणी मला बरं वाटेल, जिंकल्यासारखं. काही बरं वाटलं नाही. तिला घास गिळताना त्रास होत होता, जगदीश, आणि तो मी बघत होते. माझी किळस होती ती तुझ्यापुरती होती. त्या रात्री ती घरभर झाली, मलाही स्वतःच्या हातचं अन्न गेलं नाही.

रविवारी तिने आरोहीला बोलावलं. "खरंच बसल तवा सांग." तुझं तिकीट आरोहीने तू झोपलेला असताना बघून ठेवलं होतं, पोरगी माझीच. रात्री ती म्हणाली, "आजी, मामाचं विमान उडालं असेल आता." तेव्हा आई जेवत होती. थांबली नाही. "मीठ दे," म्हणाली. सोमवारी सकाळी तू सिंगापूरच्या पुढे असशील, आई उठली आणि मला म्हणाली, "सुकं बोंबील हायत का गं? कालवण कर. तिखट कर जरा." दुपारी तू ढगात होतास आणि ती बोंबलाचं कालवण भाताला लावून जेवली. दुसऱ्यांदा भात घेतला. वर एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. मी शेजारीच होते, फोन नेहमीसारखा मोठ्याने लावलेला. "आई, टेकलं विमान. आता जेव हां पोटभर." काय प्रेमळ आवाज काढलास! आई म्हणाली, "जेवते रं. तू जप." आणि फोन मला दिला, बंद करायला.

मी म्हटलं, "आई, बोलली का नाहीस त्याला? मी बोलू?"

ती वाल सोलत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "त्याला सांगू नको गं. परका मुलूख हाय. आपल्यासाठी कुनीतरी उपाशी हाय, एवढं वाटू दे त्याला. नायतर त्याचं इथं ऱ्हायलंय काय?"

मी तिला हो म्हटलं. शपथही घातली तिने, तीही घेतली.

आणि तरी हे लिहितेय. शनिवारी रात्री ती जेवली. रविवारी दोन्ही वेळा जेवली. तू आभाळात होतास तेव्हा बोंबील मागून घेऊन जेवली. पुढच्या खेपेला तू दोन दिवस घे, चार घे, महिनाभर त्या टाकीत पाय सोडून बस. तुझ्यासाठी आता कुणी उपाशी नाही.

सुरेखा